मुदखेडची पौर्णिमा, किनवटची भट्टी

रविवार, १ फेब्रुवारी. मुदखेड

उद्या सकाळच्या गाडीने किनवट. बॅग भरली. पांढरा कोट बघून आई म्हणाली, "ह्यो कशाला? डॉक्टरीन होऊन राहिली का काय तू?" मी हसण्यावारी नेलं.

चव्वेचाळिसाव्या वर्षी नवी नोकरी. एकवीस वर्षं साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसाची गोडी मोजली. कारखाना बंद पडला आणि दोन वर्षं घरात बसून आईच्या चहाला नावं ठेवली. मग रामलिंगअप्पांचा फोन आला. ते चाकूरचे, आमच्या कारखान्याला टाक्या पुरवायचे. टाकीतली मळी आंबायला लागली की मी यंत्राआधी नाकाने सांगायचे, हे त्यांनी पाहिलेलं होतं. आता त्यांनी किनवट-माहूर रस्त्यावर मोहाच्या फुलांपासून दारू गाळण्याचा कारखाना काढला आहे. नुसता कारखाना नाही, लोकांनी तिकीट काढून बघायला यायचा कारखाना. काय ठेवायचं, काय फेकायचं, हे मी ठरवायचं.

दारू हा शब्द मी घरात काढलेला नाही. फुलांच्या अर्काचा कारखाना आहे, असं आईला सांगितलं. अर्कच तर असतो.

आज माघी पौर्णिमा. विहारात नेहमीसारखी मी पुढे बसून वंदना घेतली. बाबा रेल्वेत पॉइंट्समन होते. ज्ञानोबा पॉइंट्समन म्हटलं की अख्खं जंक्शन ओळखायचं. तीस वर्षं वंदना त्यांनीच घेतली. त्यांनी ओळ म्हणायची, बाकीच्यांनी मागून म्हणायची. ते गेल्यावर बायांनी मला त्यांच्या जागी बसवलं, त्याला सहा वर्षं झाली. एकूण शीलं पाच. पाचवं शील नशा आणणाऱ्या पेयापासून दूर राहण्याचं. ते म्हणताना आज माझा आवाज उगाच मोठा निघाला.

मला ही नोकरी हवी आहे आणि बाबांची ती जागाही हवी आहे. दोन्ही कसं जमणार, याचा विचार गाडीत करू म्हटलं तर झोप येईना.

गुरुवार, ५ फेब्रुवारी. कारखाना

विचार झाला नाही. गाडीत जागाच नव्हती, बोधडीपर्यंत उभी होते. बोधडी आईचं माहेर. सोळाव्या वर्षी लग्न होऊन मुदखेडला आली ती मुदखेडचीच झाली, तिकडचं तिच्यात काही उरलं नसावं.

इथे सागाचं रान आहे, मध्ये लाल मातीचं मैदान आणि त्यात चकचकीत शेड. आत तांब्याचा एवढा मोठा हंडा की त्यात आमचं स्वयंपाकघर मावेल. बघताक्षणी मी त्याच्या प्रेमात पडले, हे लिहायला लाज कसली.

रामलिंगअप्पा स्वतः थेंबही घेत नाहीत. "आमच्यात चालत न्हाई, बाई," गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून म्हणाले. मी म्हटलं, आमच्यातही चालत नाही. मग ते म्हणाले, "मंग तर बरंच झालं. पिणाऱ्याच्या हातात भट्टी दिली तर भट्टीच पिऊन टाकंल."

माझं काम असं: मागच्या वर्षीच्या वाळलेल्या फुलांनी भरलेला हंडा तापला की नळीतून धार सुरू होते. लोक पहिल्या धारेची म्हणून मिशीला पीळ देतात, पण पहिली धार विषारी असते, ती फेकायची. शेवटची वास मारते, तीही नको. मधली ठेवायची. मधली कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते यंत्र अर्धंच सांगतं, उरलेलं नाक आणि जीभ. एक थेंब जिभेवर घ्यायचा, तोंडात फिरवायचा, थुंकायचा. घशाखाली काही जात नाही. मी हे स्वतःला तीन वेळा समजावलं.

रविवार, २२ फेब्रुवारी. मुदखेड

घरी दोन दिवस. आईने पिठलं केलं, पण फोडणीत लसूण नावालाच. आईचं पिठलं आणि लसूण नाही, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. वय झालं, पचत नसेल. मिरचीचा ठेचासुद्धा वेगळ्या वाटीत, झाकून, लांब. मी म्हटलं, दवाखान्यात दाखवू या. "मला काय धाड भरली?" म्हणाली.

नोकरीबद्दल पहिल्या आठवड्यात खोदून खोदून विचारत होती. आता विचारत नाही. बरं झालं.

मंगळवार, ३ मार्च. मुदखेड

फाल्गुनी पौर्णिमेसाठी अर्धी रजा काढून आले. विहारात आईने अगरबत्तीचं घर उचलून दाराबाहेर नेऊन ठेवलं. धुराने खोकला येतो म्हणे. तिचा खोकला मी एकदाही ऐकलेला नाही. धुरपताबाई कुरकुरली. ती विहारातली सगळ्यांत जुनी बाई, तिला न विचारता इथे चटईही हलत नाही. पण आईने ऐकलं नाही.

वंदना झाली. पाचही शीलं म्हटली. मी पीत नाही, थुंकते. शील पिण्याबद्दल आहे. वकिलासारखी बोलायला लागले आहे.

बुधवार, २५ मार्च. कारखाना

मोह फुलला. पहाटे सगळं रान गोड वासाने जड होतं. बायका दिवस उगवायच्या आत टोपल्या घेऊन निघतात, दवात भिजलेली फुलं वेचतात. ऊन लागलं की फूल उतरतं.

जंगूबाई नावाची कोलाम आदिवासी बाई आहे, तिची फुलं सर्वांत चांगली. आज तिला हंडा दाखवायला आत नेलं. वरपासून खालपर्यंत बघितला, मग म्हणाली, "आमी मडक्यात गाळली तं पोलीस येते. तुमी तांब्यात गाळली तं लोक तिकीट काढून येते."

रामलिंगअप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, खरं हाय, पण आपल्याकडं परवाना हाय. हेही खरंच आहे. जंगूबाईला दर वाढवून द्या म्हटलं, ते त्यांनी मान्य केलं. माझं समाधान मात्र झालं नाही.

शुक्रवार, १० एप्रिल. कारखाना

नांदेडहून पुनम आली. वय सव्वीस, बोलण्याचा वेग गाडीसारखा. पर्यटकांचं सगळं ती बघणार. भिंतीवर नकाशा लावला आहे: सकाळी सहस्रकुंडचा धबधबा, दुपारी आमचा कारखाना, संध्याकाळी माहूरचा किल्ला आणि लेणी, रात्री मुक्काम. रामलिंगअप्पांचं स्वप्न एकच. "लोक माहूरला येतेत, दर्शन घेतेत अन् तसंच माघारी जातेत. एक रात्र थांबले पाह्यजेत, बास. इथल्या पोरान्ला हैद्राबादला जावं लागणार न्हाई." हे म्हणताना त्यांचे डोळे खरंच भरतात. नाटकी माणूस नाही.

पुनम म्हणाली, "मॅडम, किनवट स्टेशनवर मोठा बोर्ड लावू ना! तुमचा फोटो, हातात ग्लास. मराठवाड्यात बाई दारू गाळते, लय भारी होईल!"

मी इतक्या जोरात नाही म्हटलं की ती दचकली. कारण विचारलं तर म्हटलं, माझे फोटो चांगले येत नाहीत. तिने मोबाइल काढून माझा फोटो काढला आणि चांगला आला.

शनिवार, १८ एप्रिल. कारखाना

आज गिळला.

ताज्या फुलांची सातवी खेप. मधली धार जिभेवर घेतली आणि कळलं की हीच ती. आधी फुलाचा गोडवा, मग ओल्या मातीसारखं काहीतरी, शेवटी अगदी मंद कडू. एकवीस वर्षं मी दुसऱ्याच्या साखरेचे आकडे लिहिले, हे पहिलं माझ्या हातचं. थुंकायचं भांडं समोर होतं. थुंकवेना. जेवताना आपल्याच पोराला ताटावरून उठवल्यासारखं वाटलं.

कुणी ढकललं नाही, चुकून झालं नाही. घोटभरच, पण घशाखाली गेला, आणि छान वाटलं. शेवटचं लिहिलंच पाहिजे म्हणून लिहिलं.

रविवार, १९ एप्रिल. मुदखेड

घरी आले तर नवीनच. विहारातल्या बाया पुढच्या शनिवारी सहलीला निघाल्या आहेत. दोन क्रूझर ठरल्या. सहस्रकुंड, मग "त्यो नवा फुलाचा कारखाना", मग माहूरचा किल्ला.

मी धुरपताबाईला म्हटलं, एप्रिलमध्ये सहस्रकुंडाला पाणी कसलं, नुसते खडक. पावसाळ्यात जा.

"मला काय सांगू नको. तुझ्याच आईनं, सरजाबाईनं ठरवलंय," ती म्हणाली.

आई कोपऱ्यात शेंगा सोलत होती. म्हणाली, "खडकबी बघावं वाटतेत कधी कधी. तुझा अर्काचा कारखाना त्याच अंगाला हाय न्हवं?"

"लांब आहे," मी म्हटलं. "खूप लांब."

"हाव का," म्हणाली आणि शेंगा सोलत राहिली.

शनिवार, २५ एप्रिल. कारखाना

पार पडलं एकदाचं. पुनमला सांगितलं, आज मी कुणासमोर येणार नाही, माझं नाव घ्यायचं नाही. ती म्हणाली, मॅडम, तब्येत बरी नाही का. हो म्हटलं.

मी प्रयोगशाळेत दार लावून, दिवा घालवून बसले. प्रयोगशाळेला काचेची भिंत आहे, बाहेरच्यांना आतलं दिसावं म्हणून पुनमनेच बसवून घेतलेली. अंधारात दिसत नसावं. बाया रांगेने गेल्या. धुरपताबाईने हंड्याला हात लावून बघितला. आई सगळ्यांत मागे होती, काचेपाशी थांबली, पदराने काच पुसल्यासारखं केलं आणि पुढे गेली. चष्मा बदलायला हवा तिचा.

शेवटी वासाचं टेबल आहे. छोट्या पेल्यांत थोडी थोडी दारू, ज्यांना चालत नाही त्यांनी नुसता वास घ्यायचा. त्या गेल्यावर पुनम नाचतच आत आली. "मॅडम, एक आजी तर टेबलावरून हटेना! प्रत्येक पेला हुंगला. एकाला म्हणाली, ह्या खेपेचं फूल उनात येचलेलं हाय, दवातलं न्हाई. खरं का?"

खरं होतं. पाचव्या खेपेची फुलं उशिरा आली होती, हे रामलिंगअप्पांनाही ठाऊक नाही.

"अन् म्हणाली, चाखणाऱ्या बाईला म्हणावं चूळ भरत जा, दातं जातेत. मला लय हसू आलं."

धुरपताबाई असणार. तिला जगातलं सगळंच कळतं. मला तिचं कौतुक वाटलं आणि जीव भांड्यात पडला. कुणाला काही संशय आला नाही.

शुक्रवार, १ मे. मुदखेड

वैशाखी पौर्णिमा. विहार भरून दारापर्यंत माणसं, सगळ्या बाया पांढऱ्या साड्यांत, परसात खिरीची पातेली. वर्षातला सर्वांत मोठा दिवस. कारखानाही बंद, आज सरकारनेच राज्यभर बाटली बंद ठेवली आहे.

मी पुढे बसले. पहिलं म्हटलं, मागून सगळ्यांनी म्हटलं. दुसरं, तिसरं, चौथं. आणि चौथ्यानंतर मी सरळ शेवटचं "साधू, साधू, साधू" म्हणून हात जोडले.

मला कळलंही नाही. शपथेवर लिहिते, ठरवून केलं नाही. काहींनी सवयीने साधू म्हटलं आणि मध्येच थांबल्या. मग मागच्या रांगेतून एकच आवाज आला, म्हातारा, न चुकणारा. पाचवं शील पहिल्या अक्षरापासून. आई. ती कधी पुढे बसून बोललेली नाही, लिहिता वाचताही येत नाही तिला. तिच्यामागे हळूहळू सगळ्यांनी धरलं. मी वळले नाही. तोंड उघडावं असं वाटलं, पण उघडलं नाही.

नंतर सगळ्या म्हणाल्या, दगदग होते बाई तुझी, जाणं-येणं किती. आईने मला खीर वाढली आणि दुसऱ्यांदाही वाढली.

शनिवार, २ मे. मुदखेड

सकाळी आई धपाटे थापत होती. मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि म्हटलं, आई, काल चुकलं माझं. कामाच्या ताणात पाचवं राहून गेलं.

तिने धपाटा तव्यावर टाकला. "पैल्या रजेपासून म्हाईत हाय मला."

मला आधी कळलंच नाही कशाबद्दल.

"पैल्यांदा आलीस तवा तुझ्या वढनीला वास होता. म्या बोधडीची हाय. मोह येचून मोठी झाले. आमच्या शेजारी गाळायचे. तुला वाटलं, आईला अत्तराचा वास वाटंल?"

मी म्हटलं, त्या दिवशी पुनमला फुलाचं सांगितलं ते... धुरपताबाई नव्हती?

"धुरपताला काय कळतंय मोहाचं? तिला खिरीतली इलायची कळत न्हाई." मग म्हणाली, "अंधारात बसली होतीस. पाय दिसत होते तुझे."

म्हणजे लसूण. अगरबत्ती. सगळं माझ्या नाका-जिभेसाठी. सहस्रकुंडाचे खडक. मी किती हुशार बाई आहे. मला रडू आलं आणि ते आवरलं नाही. रडत रडतच सगळं सांगितलं, गिळल्याचंसुद्धा. छान वाटलं तेही सांगितलं. म्हटलं, तू आधी का नाही बोललीस?

"तू बोलशील म्हणून वाट बघत होते."

"मी नोकरी सोडते," मी म्हटलं.

"सोड म्हणून म्या सांगितलं का? लई दिवसांनी तुझ्या तोंडावर तेज आलंय, ते म्या बघून राहिले न्हाई का? तुझ्या बापानं सिग्नल चुकवला असता तर मानसं मेली असती. तू काय कुणाला मारून न्हाई राहिली. प्यायचं का न्हाई, त्ये पाचवं. त्ये तुझं तू बघ." तिने धपाटा उलटला. "काल पाचवं गाळलंस, त्ये समद्यांनी ऐकलं. मला त्याचं बरं वाटलं. निदान तेवढं तरी खरं केलंस."

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "चौथं मातर दर पौर्णिमेला म्हणून राहिलीस. बापाच्या जागेवर बसून. त्ये म्या एकटीनं ऐकलं."

चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. तीन महिने मी पाचव्याशी वकिली करत होते. चौथ्याकडे माझं लक्षच नव्हतं.

धपाटा करपला. आईने तो स्वतःच्या ताटात घेतला.

शनिवार, १६ मे. कारखाना

पुनमला म्हटलं, लाव बोर्ड. फोटो घाल. खाली पूर्ण नाव लिही, बुद्धप्रिया ज्ञानोबा, मुदखेड. ती म्हणाली, मॅडम, अचानक? मी म्हटलं, दोन आठवडे दम धर. आधी मला एका ठिकाणी सांगायचं आहे.

रविवार, ३१ मे. मुदखेड

सांगितलं.

वंदनेच्या आधी उभी राहिले. मोहाची दारू गाळते, चाखते, एकदा प्यालेही, तुम्हाला अर्क म्हणून सांगितलं ते खोटं होतं. पाच वाक्यं पाठ करून आले होते, त्यातली दोनच नीट आली.

धुरपताबाई पहिल्यांदा बोलली. "मला कळलंच होतं." (कळलेलं नव्हतं.) मग म्हणाली, "नोकरी सोडू नको बापा. शिकलेल्या पोरीन्ला हितं काम हाय कुठं? पन मंग फुडं बसू नको. ज्ञानोबाच्या जागंवर न्हाई."

मी म्हटलं, नाही बसत. हे म्हणायला सोपं जाईल असं वाटलं होतं. सोपं गेलं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, तिनं सांगितलं तरी, दुसरं कोण सांगतंय? कुणी तिला गप्प केलं. कुणी माझ्याशी बोललं, कुणी बोललं नाही. दोन्ही मला समजलं.

मग पुढे कोण बसणार? सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. पुस्तक हातात घेऊन म्हणणाऱ्या दोघी-तिघी होत्या. धुरपताबाईने आईच्या दंडाला धरलं. आई म्हणाली, मला वाचता येत न्हाई. "वाचायचं कशाला? त्या दिवशी काय वाचून म्हटलंस?" आई उठली, गुडघ्यावर हात ठेवत पुढे गेली आणि बाबांच्या जागी बसली. माझ्याकडे बघितलं नाही.

मी मागे, चपलांच्या जवळ, आईच्या रिकाम्या जागेवर बसले. तिथून तिची पाठ दिसत होती आणि दाराबाहेरच्या अगरबत्तीचा धूर.

तिने पहिलं म्हटलं, आम्ही म्हटलं. दुसरं, तिसरं. चौथ्याला ती क्षणभर थांबली, श्वासासाठी असेल. मग म्हटलं. मी ते मागून म्हटलं, पूर्ण, आवाज न चढवता. पाचव्याला मी तोंड मिटून बसले आणि शेवटी सगळ्यांबरोबर साधू म्हटलं.